आधी साबणाचा पडदा बघ

प्रकाशाचे प्रयोग करायचेत म्हणून पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी गाळणी) मागवायची घाई करू नकोस रे. घरचा लॅपटॉप पुरे. एलसीडी स्क्रीनचा उजेड मुळातच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघड, समोर कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापक धर आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यापुढे फिरव. स्क्रीन काळी पडली की प्लास्टिकमधला ताण रंगीत पट्ट्यांनी उमटतो. (साधा काळा गॉगल चालत नाही, मी फसलोय.)

तोच गॉगल लावून सिद्धेश्वर तलावावर जा. पाण्यावरच्या उभ्या लंबापासून साधारण ५३ अंशांवर पाण्याची चकाकी जवळजवळ मरते. थेट पायाखाली बघशील तर फरक कळणार नाही.

साबणाच्या पडद्याला मात्र निवांत वेळ दे. तारेचं कडं बुडवून उभं धर, मागे काळं कापड. रंगांचे आडवे पट्टे खाली सरकतात आणि फुटायच्या आधी वरचा भाग काळा होतो. ते भोक नव्हे! तिथे पडदा प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच पातळ झालेला असतो; पुढच्या पृष्ठभागावरून परतणारी प्रकाशाची लाट उलटते (शिखराच्या जागी दरी येते), मागची उलटत नाही, म्हणून दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पडदा लगेच सुकतो, तेव्हा पाण्यात थोडं ग्लिसरीन घाल. आणि पंखा बंद कर, घाम आला तरी.