दीड वर्षाच्या बाळाचं पाठीचं प्लास्टर, तेही उन्हाळ्यात

तुमचा मुलगा १७ महिन्यांचा, मणक्याचा बाक ४२ अंश, येत्या मंगळवारी पहिलं प्लास्टर, वर एप्रिल. त्यात सासूबाई म्हणतायत, एवढ्याशा जिवाला कशाला कोंडता, मोठा झाल्यावर बघू. प्लास्टर आत्ताच करावं का आणि उन्हाळ्यात घरी कसं निभवायचं, हा तुमचा प्रश्न वाचताना मला आमचा नागपूरचा तो उन्हाळाच आठवला. माझ्या लेकीला सोळाव्या महिन्यात पहिलं प्लास्टर लागलं. बाक ३८ अंश होता. चौदा महिन्यांत सहा प्लास्टरं झाली.

आधी सासूबाईंचं. आम्हालाही एका ठिकाणी ‘पाच वर्षांची होऊ द्या, मग ऑपरेशनचं बघू’ असं सांगितलं होतं. एकामागून एक प्लास्टरं घालून बाक सरळ करायच्या या पद्धतीला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. मिन मेहता लंडनजवळ स्टॅनमोरच्या हाडांच्या रुग्णालयात होत्या. २००५ साली त्यांनी १३६ मुलांचे निकाल छापले. त्यातल्या ९४ मुलांचा बाक पूर्ण गेला, आणि त्यांचे उपचार सरासरी १ वर्ष ७ महिन्यांच्या वयात सुरू झाले होते. बाकीची ४२ मुलं सुरुवातीला सरासरी अडीच वर्षांची होती. त्यांचा बाक कमी झाला, पण गेला नाही. या वयात मूल झपाट्यानं वाढतं आणि प्लास्टर त्या वाढीला सरळ वाट दाखवतं. सासूबाईंना एवढंच सांगा की थांबण्यात हीच वाढ हातची जाते. आमच्याकडे आजेसासूबाईंना हे पटलं, सासऱ्यांना शेवटपर्यंत नाही. चालायचंच.

आता घरातलं. मी पहिला महिना लेक पडेल म्हणून तिच्यामागे पळत काढला. प्लास्टरचं वजन वर असल्यानं तोल जातो, चार-पाच दिवस मूल ओंडक्यासारखं पडून राहतं, रडतं, मग एक दिवस उठून चालायला लागतं. पडली, पण तिला काही झालं नाही. घाबरायचं होतं ते पाण्याला, शूला आणि खाण्याच्या कणांना. दुसरं प्लास्टर कापलं तेव्हा आतून काय निघावं? दोन मुरमुरे, एक डाळ्या आणि बाहुलीचा बूट! डाळ्याच्या जागी कातडीवर गोल लाल वळ होता. तेव्हापासून जेवताना गळ्यात कोरडा पंचा खोचायचा, चिवडा-लाह्या बंद, आणि रोज रात्री ती झोपल्यावर टॉर्च लावून काठाच्या आत बघायचं. त्याच वेळी पोटाच्या खिडकीशी, म्हणजे प्लास्टरला पोटावर ठेवलेल्या भोकाशी, नाक नेऊन वास घ्यायचा. घामट वास येणारच. कुजका वास आला किंवा बाहेर डाग उमटला, तर लगेच फोन करायचा.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. काखेत काठ घासत होता म्हणून मी कापूस खोचला. तो आत सरकला, त्याची गाठ झाली आणि तिथंच जखम. काठ बोचत असेल तर डॉक्टरांकडून कापून घ्या किंवा चिकटपट्टीच्या पाकळ्या करून बाहेरून आत दुमडून लावा. आत काहीही कोंबायचं नाही. खाज सुटली की पट्टी, विणायची सुई आत घालायचा मोह होतो, घरातलं कुणीतरी घालतंच. आम्ही केस वाळवायच्या यंत्राची गार हवा सोडायचो आणि प्लास्टरवर टकटक करायचो.

डायपर प्लास्टरवरून बांधू नका, काठाच्या आत खोचा. दर दोन-तीन तासांनी बदला, रात्रीही एकदा उठा. जुलाब झाले तर सगळं मागून वर चढतं, त्या दिवशी तासातासाला बघावं लागतं. पावडर नको, तेलही नको. मालिशवाल्या बाईंना पाय चोळू द्या, पण काठापासून चार बोटं लांब.

उन्हाचं म्हणाल तर आमचा कूलर त्या वर्षी दुसऱ्या खोलीत गेला. त्याच्या दमट हवेनं आतलं अस्तर ओलसर राहायचं. हप्त्यावर एसी घेतला. दुपारी बाहेर काढलं नाही. अंगाला ओल्या फडक्यानं पुसणं, तेही घट्ट पिळून. डोकं धुताना तिला ओट्यावर आडवं झोपवायचो, मान सिंकच्या काठावर, गळ्याभोवती कोरडा टॉवेल.

खाणं थोडं थोडं, पाच-सहा वेळा. पोट फुगायला त्या खिडकीएवढीच जागा असते. आणि हे नीट वाचा: उलट्या थांबत नसतील, विशेषतः हिरव्या, तर ‘बाधलं असेल’ म्हणून ओवा देत बसू नका. प्लास्टरमुळे अंग ताणलेलं राहून लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दाबला जाऊ शकतो. तसंच श्वासाला धाप, हाताची बोटं निळी-गार पडणं, पाय नीट न हलवणं. यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन असले तरी थेट रुग्णालय गाठा.

कापायच्या करवतीचा आवाज भयंकर असतो. तिचं पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं. लेक आवाजालाच रडायची, म्हणून कानांवर हात ठेवायचे. डॉक्टरांना विचारून बघा, जुनं प्लास्टर नव्याच्या आदल्या दिवशी कापता येईल का. सगळे हो म्हणत नाहीत. आमचे म्हणायचे, त्यामुळे दर दोन महिन्यांनी एक संध्याकाळ मिळायची. कोमट पाण्याच्या टबात ती तासभर बसायची. कातडीचे पापुद्रे सुटायचे, मी चोळायचे नाही, नुसतं पाणी ओतत राहायचे. ती आपल्याच पोटावर हात फिरवून खिदळायची. रात्री उघड्या पाठीनं माझ्या पोटावर झोपायची.

मंगळवारी जाताना पुढून उघडणारी, दोन मापं मोठी झबली न्या. भुलेसाठी उपाशी ठेवतील, भुकेनं फार रडेल. आम्ही तिला कडेवर घेऊन लिफ्टनं वर-खाली करत होतो.