आधी सोय, मग सूचना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. 'सगळं सांगून झालं, आता शंभर टक्के हजेरीला बक्षीस लावावं म्हणते, म्हणजे मुख्याध्यापक तरी खूश राहतील.'

आरोग्य समितीचं काम तुझ्याकडे येऊन तीनच महिने झाले. तेवढ्यात तू अकरा फलक लावलेस, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सकाळी सूचना टाकलीस, एक आरोग्य सप्ताहही पार पाडलास. तरी तापाने फणफणलेली पोरं वर्गात येतात, शिक्षक खोकत खोकत शिकवतात. घरी थांबा म्हणावं तर हजेरी घसरते, या म्हणावं तर आजार पसरतो. या कात्रीत तू सापडली आहेस, हे मला दिसतंय. पण बक्षीस लावू नकोस. ते मी करून बसले आहे.

उपमुख्याध्यापिका असताना वर्षभरात एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलांना पितळी बिल्ला द्यायचा, ही कल्पना माझीच होती. थंडीच्या ऐन भरात एका सकाळी साडेअकराच्या सुमाराला तिसरीच्या वर्गावरून जात होते. एक मुलगा बाकावर डोकं टेकून पडलेला. कपाळाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. आदल्या वर्षीचा बिल्ला खिशावर होता, आणि झोपेतही त्याची मूठ त्यावर होती. आईला फोन केला. ती म्हणाली, "सकाळी ताप नव्हता हो, औषध देऊन पाठवलंय. बिल्ला जाईल म्हणून रडत होता."

ताप नव्हता, कारण पॅरासिटामॉलचा अंमल चार ते सहा तास असतो. सातला दिलेलं औषध दुपारच्या सुट्टीपर्यंत उतरतं. तोवर मूल बरं दिसतं, खेळतं, शेजारच्याच्या बाटलीने पाणी पितं. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून संसर्ग देऊ शकतो आणि पहिले तीन-चार दिवस त्याचा सगळ्यांत जास्त जोर असतो. पुढच्या आठवड्यात त्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी होती. म्हणून नियम असा आहे की, तापाचं औषध न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल, तरच शाळेत यायचं. नियम अचूक आहे. मी तो त्या आईला फोनवर चांगला खडसावून सांगितला. पुढे कळलं, की न कळवता रजा घेतली की तिचा त्या दिवसाचा पगार कापला जायचा आणि घरी मुलाजवळ बसायला दुसरं कोणीही नव्हतं. नियम तिलाही माहीत होता. पाळण्याची सोय तिच्याकडे नव्हती.

आधी सोय, मग सूचना. तुला हे घोकून पाठ करायला सांगते आहे, कारण मला ते शिकायला अठरा वर्षं लागली.

आता जे सांगणार आहे ते मी फार कमी लोकांना सांगितलं आहे. बिल्ल्याच्या प्रकारानंतरचीच गोष्ट. मी एक मोठा फलक करून घेतला होता, 'आजारी असाल तर घरीच थांबा'. प्रवेशदारापाशी उंचावर लावायचा म्हणून मी स्टुलावर चढले. स्टूल डगमगत होतं, तर आमच्या शाळेतल्या साफसफाईच्या मावशी धावत आल्या आणि त्यांनी ते धरलं. तोल सावरताना त्यांचा तळहात माझ्या घोट्याला लागला. कढत होता. मी वरूनच विचारलं, "मावशी, बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "काही नाही, थोडी कणकण आहे." मी म्हटलं, "काळजी घ्या हं." चौथी पिन ठोकली, खाली उतरले आणि लांब जाऊन फलक सरळ बसलाय का ते बघितलं.

मावशी रोजंदारीवर होत्या. आल्या तर पैसे, नाहीतर नाही. आठवडाभरात त्यांना न्यूमोनियाने दवाखान्यात ठेवावं लागलं. वाचल्या. पण तो कढत हात आणि वरचं वाक्य यांच्यामध्ये मी उभी होते आणि मला काही सुचलं नाही, हे माझ्या मनातून जात नाही. त्या फलकाने त्यांना काय दिलं? त्यांच्या जागी दुसरं माणूस नव्हतं, रजेचा पगार नव्हता. होतं ते फक्त वाक्य.

म्हणून तुझे अकरा फलक ऐकून मला राग आला. तुझ्यावर आला की माझ्यावर, ते बाजूला ठेवू.

ही चूक जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून डॉक्टर शाळांत जाऊन मुलं तपासू लागले. खरूज, उवा, डोळे आलेले असं काही दिसलं की मुलाच्या हाती चिठ्ठी द्यायची आणि घरी पाठवायचं. चिठ्ठी वाचायला किंवा वाचून उपचार करायला घरात कोणाला जमायचंच असं नाही. मुलं शाळेबाहेर राहायची आणि रस्त्यावर त्याच सवंगड्यांबरोबर खेळायची. १९०२ मध्ये गरीब वस्तीत परिचारिकांची संस्था चालवणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी आपल्या संस्थेतली लिना रॉजर्स ही परिचारिका एका महिन्याच्या प्रयोगासाठी चार शाळांना दिली. तिने शाळेतच मलमपट्टी सुरू केली आणि संध्याकाळी घरोघर जाऊन आयांना उपचार हाताने करून दाखवला. या प्रयोगाआधी, सप्टेंबर १९०२ मध्ये, न्यूयॉर्कच्या शाळांतून १०,५६७ मुलं घरी पाठवली गेली होती. पुढच्या सप्टेंबरपर्यंत आणखी परिचारिका नेमल्या गेल्या होत्या आणि हा आकडा १,१०१ वर आला. आजार तेच होते. फरक इतकाच, की आता चिठ्ठीमागून माणूस जात होतं.

तुझ्या शाळेत परिचारिका नाही, हे तू लिहिलंच आहेस. ते कारण मला देऊ नकोस. मावशींना बदली माणूस द्यायला परिचारिका लागत नाही.

पहिलं काम बदलीचं. कोणी शिक्षक आजारी पडला तर त्याचे तास कोण घेणार, हे सत्र सुरू होण्याआधी कागदावर ठरलेलं हवं. माणूस तापात शाळेत येतो तो कर्तव्यनिष्ठेपायी कमी आणि 'माझे तास सहकाऱ्यांच्या डोक्यावर पडतील' या संकोचापायी जास्त. मी हे वेळापत्रक केलं तेव्हा पहिलं नाव माझं घातलं. मग शिपाई, सफाई कामगार, बसचे चालक, स्वयंपाकघरातले कर्मचारी यांच्या बदलीची व्यवस्था लावली आणि रोजंदारीवरच्यांना आजारपणाचे काही दिवस पगारी मिळावेत म्हणून व्यवस्थापनाशी दोन वर्षं भांडले. माझ्यावर तेव्हा आरोप झाला की मी लोकांना रजेची चटक लावते आहे. अजूनही कोणी तसं म्हणतं. म्हणू देत. एक खोकणारा शिक्षक एक दिवस घरी बसला नाही, तर पंधरवड्यात शिक्षकखोलीतले चार-पाच जण अंथरुणाला खिळतात, हे मी पुन:पुन्हा पाहिलं आहे. एका दिवसाची रजा वाचवून शाळा काय मिळवते, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. त्या भांडणात माझे काही स्नेही दुरावले. तरी मी चुकले नव्हते, आणि आज त्या खुर्चीत असते तर हेच केलं असतं.

आता तुझा हात धुण्याचा फलक. वीस सेकंद साबणाने चोळा, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. सगळं बरोबर लिहिलं आहेस. त्या नळाशी साबण असतो का गं? सकाळी नव्हे, तिसऱ्या तासानंतर? आणि उलट्या-जुलाबांच्या साथीत हाताला लावायच्या सॅनिटायझरवर विसंबू नकोस. अशा साथी पसरवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर अल्कोहोल फारसं चालत नाही, तिथे साबण-पाणीच लागतं, आणि उलटी थांबल्यावरही दोन दिवस मूल घरी हवं. वर्गात कोणी ओकलं तर ते पुसायला मावशींना बोलावलं जातं. त्यांच्याकडे हातमोजे, मास्क आणि क्लोरीनचं द्रावण आहे का, हे आधी बघ.

उन्हाळ्यात तुम्ही 'भरपूर पाणी प्या' म्हणता. मुलांच्या बाटल्या संध्याकाळी उचलून बघ, पुष्कळशा भरलेल्याच घरी जातात. एकदा मी पाचवीतल्या एका मुलीला विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं, बाई." शाळेचं स्वच्छतागृह इतकं घाण होतं की पोरी दिवसभर पाणीच पीत नव्हत्या! शिक्षिकांचंही तेच, वर दोन तासांच्या मध्ये उसंत नाही. कडी लागणारं दार, वाहतं पाणी आणि दिवसातून तीनदा सफाई एवढं होऊ दे, मग पाण्याबद्दल बोल. बोलायची गरजही उरणार नाही कदाचित. उन्हाला शरीर सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून सुट्टीनंतरचे पहिले दिवस मैदानावरच्या मुलांना आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्याला सर्वांत जड जातात. कोणी उन्हाने बरळू लागलं, तोल जाऊ लागला, तर रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतून वारा घालायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. हे बसच्या चालकाला आणि पहारेकऱ्यालाही करून दाखव, नुसतं शिक्षकांना नको.

डासांचं थोडक्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो, म्हणजे ऐन शाळेच्या वेळेत. तो अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीवर चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं, आणि आठवड्यातून एकदा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. कोणत्या दिवशी, कोण, कुठल्या घासणीने, हे ठरव. सुट्टीत शाळा बंद असते तेव्हाही कोणीतरी हे करायला हवं.

थंडीत वर्गाच्या खिडक्या बंद असतात. समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघड्या ठेवल्या तरी हवा खेळते. पण तू सांगण्याआधी स्वतः उघडून बघ. आमच्याकडे सहा वर्गांच्या कड्या रंगाच्या थरांखाली चिकटून बसल्या होत्या आणि मी वर्षभर शिक्षकांना 'खिडक्या उघडा' म्हणत होते. एक सुतार आणि अर्धा दिवस, एवढंच लागलं.

लसीचंही असंच. फ्लूचा विषाणू बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये, लशीत काय असावं ते सुचवते, आणि दरवर्षी नव्याने टोचून घ्यावी लागते. परिणाम दिसायला दोनेक आठवडे जातात, तेव्हा साथ आल्यावर धावून उपयोग नाही. गरोदर शिक्षिका, मधुमेह किंवा दमा असलेले सहकारी, मुलांच्या घरातले आजी-आजोबा यांना आधी गाठ. पत्रक वाटून ते येणार नाहीत. आरोग्य केंद्राच्या लोकांनाच शाळेत बोलावता येतं का बघ, पालकसभेच्याच दिवशी, संध्याकाळी उशिरापर्यंत, म्हणजे कामावरून सुटलेल्यांनाही येता येईल. आलेल्याचे प्रश्न ऐकायला कोणीतरी शांत माणूस बसव. तू बसू नकोस, तुला राग लवकर येतो. मलाही यायचा.

पालकांवर चिडली आहेस, ते पत्रभर जाणवतं. 'बेजबाबदार' हा शब्द तू चारदा वापरला आहेस. मीही वापरला होता, त्या बिल्लेवाल्या मुलाच्या आईसाठी, भर शिक्षकखोलीत. तो शब्द पुढच्या पत्रात मला दिसू देऊ नकोस. दुपारी आजारी पडलेल्या मुलाला न्यायला कोणी येऊ शकत नसेल तर त्याला निजायला एक खोली, एक गादी आणि जवळ बसणारं एक माणूस तुमच्याकडे आहे का? प्रत्येक मुलामागे दुसरा एखादा फोन क्रमांक, शेजाऱ्याचा, मावशीचा, घेऊन ठेवला आहे का? घरी राहिलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास कोण पोचवतं? आई मुलाला तापात पाठवते त्यामागे चाचणी बुडेल ही भीतीही असते. चाचणी पुन्हा देता येईल, हे सत्राच्या सुरुवातीलाच लेखी दे.

मुख्याध्यापकांकडे जाशील तेव्हा हजेरीच्या आकड्यांवरून वाद घालू नकोस. बदलीचं वेळापत्रक टेबलावर ठेव, स्वतःचं नाव पहिलं घालून.

आणि एक. तुमच्या शाळेत सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन वर्ग झाडणारं जे कोणी असेल, त्यांचं नाव तुझ्या पत्रात कुठेच नाही. त्यांना आजारपणाची रजा पगारी मिळते का, ते उद्याच विचार. तिसऱ्या तासानंतर नळापाशीही जाऊन ये. दोन्हीचं काय झालं ते मला लगेच कळव, सप्ताहाचे फोटो नकोत.

तुझ्या बाई