वाचकांचे प्रश्न: रानात टिपलेले घरच्या संगणकावर कसे यावे?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका असून गेली सहा वर्षे सातारा जिल्ह्यातील गावांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा करीत आहे. बायका सांगतात तशा ओव्या फोनवर भराभर टिपून घेते आणि घरी आल्यावर संगणकावर त्यांची शुद्ध प्रत करते. आजवर फोनवरचा मजकूर स्वतःलाच ईमेलने पाठवीत आले; परिणामी एकेका ओवीच्या तीन-तीन प्रती झाल्या असून शेवटची दुरुस्ती कोणत्या प्रतीत आहे हे मलाच सांगता येत नाही. संगणकावर विंडोज आहे, फोन अँड्रॉइडचा आहे आणि बऱ्याच गावांत रेंज नसते. दरमहा शुल्क न भरता दोन्हीकडे एकच वही दिसेल असे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?
— एक वाचक, वाई

उत्तर: आपल्या प्रश्नातील ‘रेंज नसते’ हे दोन शब्द निवडीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत. इंटरनेट नसतानाही नोंद आधी फोनवरच जतन करणारे आणि जोडणी मिळाल्यावर ती संगणकाकडे पोहोचविणारे सॉफ्टवेअर आपल्याला हवे आहे. दुसरी कसोटी अशी की, उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडले किंवा त्याचे नियम बदलले, तर आपल्या ओव्या साध्या मजकुराच्या रूपात जशाच्या तशा बाहेर काढता आल्या पाहिजेत. ही भीती काल्पनिक नाही. एव्हरनोट हे या क्षेत्रातील जुने व मोठे नाव. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या मोफत वापरावर पन्नास नोंदी आणि एक वही अशी मर्यादा आली. सहा वर्षांच्या संग्रहाचे पन्नास नोंदींत काय होणार?

या दोन्ही कसोट्यांना उतरणारे म्हणून मी आपल्याला जॉप्लिन सुचवीन. ते मोफत असून त्याचा स्रोत खुला आहे, म्हणजे त्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता येते. (नाव रॅगटाइम संगीताचे रचनाकार स्कॉट जॉप्लिन यांच्यावरून ठेवले आहे, ओव्यांच्या संग्रहाला ते अगदीच विजोड म्हणता येणार नाही.) त्याची नोंद मार्कडाउन पद्धतीत, म्हणजे जवळजवळ साध्या मजकुरात लिहिली जाते आणि ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा नेक्स्टक्लाउड या इंटरनेटवरील साठवणीच्या जागांपैकी आपण निवडाल तिच्यामार्फत दोन्ही उपकरणांत सारखी ठेवली जाते. ऑब्सिडियनही उत्तम आहे. त्यातील प्रत्येक नोंद ही संगणकावरील एक स्वतंत्र साधी फाइल असते, आणि ही गोष्ट मला व्यक्तिशः अधिक आवडते. मात्र त्याची स्वतःची सिंक सेवा (सिंक म्हणजे दोन्ही उपकरणांतील नोंदी सारख्या करणे) सशुल्क आहे, आणि ती टाळून फोनपर्यंत फाइली पोहोचविण्याचे मार्ग खटपटीचे आहेत. वननोट मोफत मिळते, पण त्यातील मजकूर साध्या फाइलींच्या रूपात सहज बाहेर पडत नाही. गूगल कीप लहान चिठ्ठ्यांसाठीच ठीक.

आता ज्या अडचणीकडे सॉफ्टवेअरची परीक्षणे सहसा पाहत नाहीत, आणि आपल्याला मात्र जी रोज भेटेल, त्या शोधाविषयी. ‘वाऱ्यावर’, ‘सासऱ्याच्या’, ‘पायऱ्या’ यांतील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक व फोन अक्षरे साठविण्यासाठी वापरतात त्या सामाईक पद्धतीत, दोन प्रकारे साठविला जातो: एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात; संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द असतात. फोनचा कळफलक एक प्रकार उमटवीत असेल आणि संगणकावरचा दुसरा, तर फोनवर टिपलेली वाऱ्याची ओवी संगणकावर शोधूनही सापडणार नाही, आणि ती हरवली असेच आपल्याला वाटेल. ‘ॲ’ या अक्षराचीही तीच कथा आहे, कारण ते एक अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. म्हणून सारा संग्रह नव्या वहीत भरण्यापूर्वी दहा ओव्या फोनवर आणि दहा संगणकावर टंकित करून एकीकडचे शब्द दुसरीकडे शोधून पाहावेत; त्यात अर्धा र असलेले शब्द मुद्दाम घ्यावेत. फरक आढळल्यास एका उपकरणावरील कळफलक बदलून पुन्हा तीच चाचणी घ्यावी. बदल करूनही शोध लागत नसेल तर त्या सॉफ्टवेअरचा आग्रह धरू नये, मग ते मी सुचविलेले का असेना.

युनिकोडपूर्व काळातील एखाद्या फॉन्टमध्ये टंकित केलेल्या ओव्या आपल्या संगणकावर असतील, तर त्या फोनवर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक कचरा होऊन दिसतील. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत, कारण यंत्र नेमके तिथेच चुकते.

ध्वनिमुद्रणे नोंदींना जोडण्याचा मोह आवरावा. एक तासाचे १२८ केबीपीएस दर्जाचे एमपीथ्री ध्वनिमुद्रण सुमारे ५८ एमबी होते. तेच मुद्रण सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये सुमारे ६३५ एमबी जागा घेते. ड्रॉपबॉक्सची मोफत जागा दोन जीबी आहे, म्हणजे वेव्ह फाइली तीन तासांतच ती भरून टाकतील. मुद्रणे वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून नोंदीत केवळ त्यांचा क्रमांक आणि मिनिट लिहावे.

प्रतींचा घोळ मात्र कोणतेही सॉफ्टवेअर आपोआप मिटविणार नाही. गावात, रेंज नसताना, आपण फोनवर एक ओवी दुरुस्त केली आणि त्याच सुमारास घरी कोणी तीच नोंद संगणकावर बदलली, तर खरी कोणती हे सॉफ्टवेअरला ठरविता येत नाही. जॉप्लिन अशा वेळी एक पाठ वेगळ्या वहीत काढून ठेवते आणि निर्णय आपल्यावर सोपविते, हे योग्यच आहे. हा प्रसंग टाळण्यासाठी घराबाहेर पडण्यापूर्वी व परत आल्यावर ॲप उघडून सिंकचे बटण स्वतः दाबावे. फोनवर ते बंद असताना मागच्या मागे सारे होईल या भरवशावर राहू नये. तसेच सिंक म्हणजे राखीव प्रत नव्हे, कारण एकीकडे पुसलेली नोंद इमानेइतबारे दुसरीकडेही पुसली जाते. जॉप्लिन नोंदीचे जुने पाठ ठरावीक काळ, मूळ मांडणीनुसार नव्वद दिवस, सांभाळते. तरीही महिन्यातून एकदा सर्व वह्या मार्कडाउन फाइलींच्या रूपात काढून त्याच हार्ड डिस्कवर ठेवाव्यात.

प्रश्न: आम्ही पती-पत्नी खानावळ चालवितो. बाजारहाटाची यादी दोघांच्या फोनवर आणि गल्ल्यावरच्या संगणकावर एकच दिसावी अशी इच्छा आहे. माझा फोन आयफोन आहे, यजमानांचा अँड्रॉइडचा.
— एक वाचक, मडगाव

उत्तर: आपल्याला वर नाकारलेले गूगल कीपच घ्यावे. ते दोन्ही प्रकारच्या फोनवर चालते, यादीतील वस्तूंना खुणेच्या चौकटी देता येतात, आणि यजमानांचा ईमेल पत्ता जोडला की एकाने खूण केलेली कोथिंबीर दुसऱ्याच्या यादीतूनही सुटते. संगणकावर ते ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे गल्ल्यावर इंटरनेट चालू असावे लागेल. बँकेचे किंवा गॅसच्या खात्याचे पासवर्ड मात्र त्या यादीखाली लिहून ठेवू नयेत.