कचेरीचं संग्रहालय बघायला जाताना

सातारा

सप्रेम आशीर्वाद.

जुन्या सरकारी इमारतींमधली संग्रहालयं कशी बघायची, असं विचारलं आहेस. तिकीट काढून थेट तलवारींच्या कपाटाकडे धावू नकोस. तिथली पहिली वस्तू म्हणजे ती इमारतच. ती खटले चालवायला, तिजोरी राखायला, दप्तरं रचायला बांधलेली असते; वस्तू मांडायला नव्हे. तिथले निम्मे घोळ यातूनच होतात आणि गंमतही त्यातच असते.

सरावाला आपला नवा राजवाडा घे. तो १८३८ ते १८४४ या काळात उभा राहिला, १८४८ मध्ये संस्थान खालसा झालं आणि पुढे कित्येक वर्षं राजवाड्यात न्यायालय भरलं. वास्तूचा उपयोग असा बदलला की काय काय होतं, ते ओळखायला शीक. बाहेरून एक पूर्ण फेरी मार. कमान बुजवून तिथे भिंत केली असेल, तर बहुतेक वेळा तिचा आकार गिलाव्यावर बारीक तड्याने उमटलेला दिसतो, कारण जुनं बांधकाम आणि मागाहून घातलेली वीट सारखी खचत नाहीत. मोबाइलची बॅटरी (टॉर्च) लावून भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धर. सपाट वाटणाऱ्या भिंतीवरची ठिगळं लगेच उठून दिसतात. (हा उद्योग साध्या भिंतीवरच. चित्रांवर बॅटरी मारायची नाही.)

कोणत्याही जुन्या कचेरीत शिरलं की आधी मान वर कर. तुळयांना लोखंडी कड्या दिसल्या, तर तिथे दोरीने ओढायचा कापडी पंखा टांगलेला असण्याची शक्यता मोठी. मग त्याच रेषेत भिंतीच्या वरच्या भागात भोक शोध. दोरी त्यातून बाहेर जायची आणि पंखा ओढणारा माणूस व्हरांड्यात बसायचा. भोकाची खालची कड दोरीने घासून गुळगुळीत झालेली असते. साहेबाची खुर्ची कुठे होती, हे त्या पंख्याच्या जागेवरून कळतं. कुठल्याही फलकावर हे लिहिलेलं नसतं. जाड गजांची लहान खिडकी आणि दुहेरी कुलपाचं दार दिसलं, तर ती बहुधा तिजोरीची खोली.

आता ओल. इथे घाई करू नकोस, कारण आपल्याकडच्या जुन्या इमारतींचं खरं दुखणं हेच आहे. जुनी भिंत चुन्याची. ती जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडते. दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. मग क्षार वर येतात, लोणा म्हणजे क्षारांचा पांढरा थर धरतो, पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा बोटाने खरवडला तर भुरभुरतो, सिमेंटचा दाद देत नाही. पण खरवडून बघू नकोस, वाजवून बघ. बोटाच्या पेराने हलकं ठोकलं आणि पोकळ आवाज आला, तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे. जमिनीतून चढणारी ओल साधारण तीन-चार फुटांपर्यंत जाते आणि तिची वरची कड वेडीवाकडी असते. सांगलीत नदीकाठच्या इमारतींत मात्र दुसरीच खूण दिसेल: पुराची रेघ. ती सगळ्या खोल्यांत एका पातळीत, सुतात असते. तिथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा गावात तळमजल्यावर कागदपत्रं आणि कापड मांडलेलं दिसलं, तर पुराच्या वेळी ते कोण, कुठे हलवणार, हे जरूर विचार.

उजेडाचं तेच. कचेरीच्या खिडक्या कारकुनाला लिहिता यावं म्हणून मोठ्या. जलरंग, कागद, वस्त्र यांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको, तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. म्हणून जाड पडदे लावतात, मग अंधार होतो, मग ट्यूबलाइट लावतात आणि काचेत आपलाच चेहरा दिसतो. अशा वेळी कपाटासमोर उभं न राहता बाजूला सरकून तिरकं बघ. मुळातच संग्रहालय म्हणून बांधलेली वास्तू कशी असते, ते बघायला औंधला जा. साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी तिथल्या मूळपीठाच्या डोंगरावर १९३८ मध्ये ते उभारलं. रविवर्म्याचं ‘सैरंध्री’ हे चित्र आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं माय-लेकराचं दगडी शिल्प तिथे आहे. दोन्हींसमोर उजेड कुठून येतो, तेवढं आधी बघ.

व्यवहाराचं थोडक्यात. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद; सरकारी सुट्ट्यांचं फोन करून विचार. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, तेव्हा उघडताक्षणी आत जा. टिपणाला पेन्सिल ने, पेन नको. फोटोची परवानगी दारावरच विचार आणि फ्लॅश बंद ठेव. पाठीवरची सॅक पुढे घे, अरुंद खोल्यांत वळताना तीच काचेला लागते.

मांडलेल्या वस्तूंपेक्षा कोठारातल्या वस्तू बऱ्याचदा जास्त असतात. त्या बघायच्या तर अभिरक्षकांच्या (संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) नावे आधी अर्ज दे. वस्तूवर किंवा फलकावर नोंदणी क्रमांक असतो, तो टिपून घे आणि अर्जात लिही. नेमकी कोणती वस्तू, कशासाठी आणि कोणत्या दिवशी बघायची, हे तीन ओळींत येऊ दे. ‘जुनी नाणी बघायची आहेत’ एवढ्यावर कोणी कुलूप उघडत नाही.