उंची सोडली तर बास्केटबॉलच्या सेंटरला आणखी काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा चौदा वर्षांचा मुलगा टीममध्ये सगळ्यांत उंच आहे म्हणून कोचनं त्याला सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा खेळाडू, केलंय, आणि तो रोज घरी येऊन म्हणतो, "मला नुसतं रिंगखाली उभं करतात, बॉल कुणी देतच नाही." सेंटरला उंचीशिवाय काय लागतं आणि मुलाला दाखवता येईल असा खेळाडू कोण, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी कॉलेजात आणि नंतर क्लबकडून मिळून दहा वर्षं सेंटर खेळलो. तुमच्या मुलाची तक्रार मीही कोचसमोर केली होती, अगदी याच शब्दांत. तेव्हा मला एखाद्या मोठ्या सेंटरचं आयुष्य कुणीतरी नीट उलगडून सांगायला हवं होतं असं फार वाटतं. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. खेळाडूचं नाव डिकेम्बे मुटोम्बो.

मुटोम्बोचा जन्म 25 जून 1966 चा, काँगोची राजधानी किन्शासा इथला. उंची 7 फूट 2 इंच. एवढी उंची असून तो लहानपणी फुटबॉल खेळायचा, तेही गोलकीपर म्हणून. बास्केटबॉलकडे वळला तेव्हा वयाची सोळा वर्षं उलटली होती. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात सगळ्यांत जास्त ब्लॉक (समोरच्याचा शॉट हातानं अडवणं) नावावर असलेला हकीम ओलाजुवॉन नायजेरियाचा. त्यानंही बास्केटबॉल हातात घेतला तो पंधराव्या वर्षी, आणि त्याआधी तोही गोलकीपरच. त्याचे ब्लॉक 3,830, मुटोम्बोचे 3,289, आणि यादीत हे दोघे पहिले-दुसरे. (एनबीएनं ब्लॉक मोजायला सुरुवात केली 1973-74 च्या मोसमापासून. त्यामुळे त्याआधीचे मोठे सेंटर बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांचे ब्लॉक या यादीत नाहीतच.) मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. बॉल कुठून सुटणार हे समोरच्याच्या खांद्यावरून ओळखायचं आणि तोवर जागा सोडायची नाही, हे गोलकीपरच्या अंगात मुरलेलं असतं. सेंटरलाही नेमकं हेच लागतं.

1987 मध्ये मुटोम्बो शिष्यवृत्तीवर अमेरिकेत वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात आला, डॉक्टर व्हायचं मनात धरून. इंग्रजी जवळपास येत नव्हतं. पहिलं वर्ष तो विद्यापीठाच्या टीमकडून खेळला नाही. मग जॉन थॉम्पसन या कोचनं त्याला टीममध्ये घेतलं. हा थॉम्पसन स्वतः सेंटर होता. बॉस्टन सेल्टिक्समध्ये दोन मोसम तो रसेलचा बदली खेळाडू होता, म्हणजे बचावाच्या जोरावर 11 अजिंक्यपदं मिळवणाऱ्या माणसाला बाकावरून रोज पाहणारा. ब्लॉक केलेला बॉल प्रेक्षकांत भिरकावून द्यायचा नाही, तो मैदानातच ठेवायचा म्हणजे आपल्याला मिळतो, ही रसेलची रीत. मुलाला हे आजच सांगा. बॉल बाहेर गेला की टाळ्या पडतात, पण बॉल पुन्हा त्यांचाच.

आता ब्लॉक म्हणजे काय ते सांगतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो नुसता उंच माणसानं वर केलेला हात वाटतो. रिंग 10 फुटांवर असते. नियम असा की बॉल रिंगकडे उतरू लागला की त्याला हात लावायचा नाही, तो गोलटेंडिंग होतो आणि समोरच्याला पॉइंट मिळतात. शॉट बोर्डवर आपटून रिंगकडे निघाला तरी तेच. म्हणजे बॉल हातातून सुटल्यापासून उतरायला लागेपर्यंत जो क्षण मिळतो, तेवढाच तुमचा. त्यात समोरचा खेळाडू खोटी उडी दाखवतो. तुम्ही फसून उडालात की तो तुमच्या अंगावर येऊन फाऊल घेतो. नव्या सेंटरचे निम्मे फाऊल असेच होतात. माझेही तसेच होत असत, आणि कोच मला दुसऱ्या क्वार्टरमध्येच बाहेर बसवायचे. पाय जमिनीवर ठेवून वाट पाहायला शिकायला मला तीन वर्षं लागली. मुटोम्बो आधी उडत नसे. समोरचा उडाला की मग त्याचा लांब हात सावकाश वर जायचा आणि बॉलला गाठायचा.

पण ब्लॉक हे सेंटरच्या कामाचं फक्त दिसणारं टोक आहे. खरं काम आहे वचक. मुटोम्बो रिंगखाली असला की समोरचा गार्ड, म्हणजे बॉल घेऊन येणारा खेळाडू, आत घुसता घुसता थबकायचा, बॉल परत बाहेर द्यायचा आणि लांबून कसाबसा शॉट टाकायचा. असा न घेतलेला शॉट कुठल्याच आकडेवारीत लिहिला जात नाही. तुमच्या मुलाला "मी काहीच करत नाही" असं वाटतं त्याचं कारण हेच आहे. त्याच्यामुळे किती जण आत आलेच नाहीत, हे पुढच्या सामन्यात बाजूला बसून तुम्ही मोजा आणि त्याला सांगा.

मुटोम्बो 1991 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला, ती भाषाशास्त्र आणि राजनय या विषयांतली. डॉक्टरकी मागे पडली. त्याला फ्रेंच, इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि वर आफ्रिकेतल्या पाच भाषा येत. ही माहिती मी मुद्दाम देतोय. सेंटर सगळ्यांच्या मागे उभा असतो, त्यामुळे पूर्ण कोर्ट फक्त त्यालाच समोर दिसतं. डावीकडून स्क्रीन (वाट अडवायला उभा राहणारा प्रतिस्पर्धी) येतेय, तुझा माणूस मागून पळाला, मी आहे तू पुढे जा, हे सतत ओरडून सांगणं हे त्याचंच काम. मुटोम्बोचा घोगरा, खर्जातला आवाज सगळ्या लीगला ओळखीचा होता. मुका सेंटर कितीही उंच असला तरी टीमच्या निम्म्याच कामाचा.

1991 च्याच ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, डेन्व्हर नगेट्सनं त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच मोसमात तो ऑलस्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात खेळला. शॉट अडवल्यावर तर्जनी हलवून "नाही, नाही" म्हणण्याची त्याची खूण याच डेन्व्हरच्या दिवसांतली. पुढे लीगनं प्रतिस्पर्ध्याकडे बघून बोट हलवणं हा चिडवण्याचा प्रकार ठरवून त्यावर टेक्निकल (गैरवर्तनाचा) फाऊल द्यायला सुरुवात केली, तेव्हा तो प्रेक्षकांकडे वळून बोट हलवू लागला. 1997 च्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) मायकेल जॉर्डननं त्याच्या डोक्यावरून डंक मारला, म्हणजे बॉल वरून थेट रिंगमध्ये कोंबला, आणि तेच बोट त्याला उलटं हलवून दाखवलं. सेंटरच्या नशिबी हे असतंच. दहा जणांना अडवायला गेलात तर अकरावा तुमच्यावरून डंक मारणार आणि फोटो त्याचाच छापला जाणार. त्या भीतीनं जो बाजूला होतो तो सेंटर नव्हे.

मुटोम्बोच्या खेळात उणिवा होत्या, त्याही सांगायला हव्यात. हल्ल्यात तो साधारणच. पूर्ण कारकिर्दीची सरासरी सामन्याला 9.8 पॉइंट, आणि रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) मात्र 10.3. रिंगकडे पाठ करून मारायचा हुक सोडला तर भरवशाचा शॉट नव्हता. त्याच्या कोपरांनी बऱ्याच जणांना दुखापती केल्या, आणि तो मला त्याच्या खेळातला डाग वाटतो. तुमच्या मुलानं रिबाउंडच्या वेळी हे अजिबात उचलू नये. जागा धरायची ती कंबर खाली ठेवून, पाय रुंद करून, पाठीनं माणूस मागे रेटून. बॉक्स आउट करताना कोपराची गरज पडत नाही.

एवढं असूनही लीगचा सर्वोत्तम बचावपटू हा मान त्याला चार वेळा मिळाला: 1995, 1997, 1998 आणि 2001. डेन्व्हरनंतर अटलांटा हॉक्स, मग 2001 च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया. त्या वर्षी टीम फायनलला पोचली आणि गाठ पडली लॉस एंजेलिस लेकर्सच्या शकील ओनीलशी. पहिला सामना जादा वेळेत फिलाडेल्फियानं जिंकला, तो मुख्यतः त्यांच्या ॲलन आयव्हरसनच्या 48 पॉइंटांवर. पुढचे चारही लेकर्सनी घेतले. ओनीलनं त्या मालिकेत सामन्याला 33 पॉइंट केले, समोर त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू असताना. मला तरीही ती मालिका पाहावीशी वाटते. एवढं अंगबळ वारंवार येऊन आदळतंय आणि मुटोम्बो मागे सरकत, पुन्हा जागा घेत, पुन्हा हात वर करत उभाच राहतो. अजिंक्यपद त्याला कधीच मिळालं नाही. 2003 मध्ये न्यू जर्सीकडून पुन्हा फायनल, पुन्हा हार.

शेवटची पाच वर्षं तो ह्यूस्टन रॉकेट्सकडे चिनी सेंटर याओ मिंगचा बदली म्हणून बाकावर होता. 2008 मध्ये टीम ओळीनं सामने जिंकत असताना याओच्या पायाचं हाड दुखावलं आणि एक्केचाळीस वर्षांचा मुटोम्बो सुरुवातीच्या पाचांत आला. विजयांची ती साखळी 22 वर जाऊन थांबली. दुसऱ्या वर्षी पोर्टलंडविरुद्धच्या प्लेऑफमध्ये त्याचा गुडघा गेला आणि 18 मोसमांची कारकीर्द तिथेच संपली. 2015 मध्ये त्याला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, घेतलं. डेन्व्हर आणि अटलांटा या दोन्ही टीमनी त्याचा 55 क्रमांकाचा शर्ट कायमचा निवृत्त केला.

डॉक्टरकीचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. 1997 मध्ये त्याची आई, बियांबा मारी, किन्शासात गेली. पक्षाघाताचा झटका आला होता आणि शहरातल्या अशांततेत तिला हॉस्पिटलपर्यंत नेता आलं नाही. मुलगा तेव्हा अटलांटाकडून खेळत होता आणि लीगमधल्या मोठ्या पगारवाल्यांपैकी होता. त्यानं आईच्या नावानं तिथेच हॉस्पिटल बांधायचं ठरवलं. देणगीदार सहजी मिळाले नाहीत, जमिनीच्या अडचणी आल्या, 2001 मध्ये पायाभरणी होऊनही बांधकाम रखडलं. एकूण खर्च 2 कोटी 90 लाख डॉलर, त्यातले दीड कोटी त्यानं स्वतःच्या खिशातून घातले. 2007 मध्ये 300 खाटांचं बियांबा मारी मुटोम्बो हॉस्पिटल रुग्णांसाठी सुरू झालं. त्या वेळी तो अजून ह्यूस्टनकडून खेळत होता. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याच्या देशाच्या, म्हणजे तेव्हाच्या झाईरच्या, महिला बास्केटबॉल टीमचे कपडे आणि खर्च त्यानंच केला होता, हेही फार लोकांना माहीत नाही. मेंदूच्या कर्करोगानं 30 सप्टेंबर 2024 ला तो अटलांटात गेला. वय अवघं 58.

आता मुलाला दाखवायचं काय, तर 1994 ची डेन्व्हर-सिएटल मालिका. सिएटलनं त्या मोसमात 63 सामने जिंकून लीगच्या पश्चिम विभागात पहिला क्रमांक मिळवला होता. डेन्व्हर 42 विजयांसह आठवं. पाच सामन्यांच्या त्या मालिकेत डेन्व्हर पहिले दोन्ही हरलं, आणि मग ओळीनं तीन जिंकलं. आठव्यानं पहिल्याला हरवण्याची एनबीएच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. मुटोम्बोचे त्या पाच सामन्यांत 31 ब्लॉक होते.

पाचवा सामना पूर्ण बघा, आणि मुलाला सांगा की बॉलकडे नको, मुटोम्बोच्या पायांकडे बघ. बॉल डावीकडे गेला की तो अर्धं पाऊल डावीकडे, उजवीकडे गेला की अर्धं पाऊल उजवीकडे, रिंग आणि बॉल यांच्या मध्ये. कंटाळा येईल इतक्या वेळा तेच. ते पाहून झालं की जादा वेळेचा शेवट बघू द्या. सिएटलचा शेवटचा शॉट हुकतो, रिबाउंड मुटोम्बो ओढून घेतो, वेळ संपते आणि तो कोर्टवर पाठीवर आडवा पडतो. दोन्ही हातांत बॉल डोक्यावर धरलाय, तोंड उघडं, हसतोय, आणि तो बॉल काही केल्या सोडत नाही.