बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात राहतो. आठवड्यातून दोनदा रपेटीला नेतो त्या घोडीला नाल ठोकावेत की अनवाणीच ठेवावी?

रपेट मुख्यतः शेतवाटांवरून होत असेल आणि खूर निकोप असतील, तर घोडी अनवाणीच ठेवावी. हा निर्णय जातीवरून किंवा रिवाजावरून नव्हे, तर खुराची झीज त्याच्या वाढीपेक्षा जास्त होते का, यावरून घ्यायचा असतो. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, आणि डांबरी रस्त्यावर किंवा जांभ्याच्या खडीवर रोज दौड असली, की एवढी वाढ झिजेला पुरत नाही. घोडी खडीवर बिचकत पाय टाकू लागली, की नालबंदाला बोलवावे. नाल असोत वा नसोत, दर ६ ते ८ आठवड्यांनी खूर तासावेच लागतात, हे पुष्कळजण विसरतात. मात्र तिला आजवर नाल असतील, तर ते पावसाळ्याच्या तोंडावर काढू नयेत: उघडा तळवा टणक होण्यास काही महिने लागतात, आणि खानापूरच्या संततधारेत, चिखलात उभ्या राहिलेल्या घोडीचे खूर मऊ पडून मधला त्रिकोणी भाग कुजू लागतो. ती लंगडत असल्यास नालबंदाआधी पशुवैद्यांना दाखवावे.