बोल्ट सैल झाला, पण हँडल हलेना

प्रश्न : मी मानेवाड्यात राहते, वय ५६. मुलाची जुनी सायकल घेऊन रोज सकाळी सक्करदरा तलावापर्यंत जाऊन येते. हँडल खाली असल्यामुळे फार वाकावं लागतं. परत येईपर्यंत तळव्यांना मुंग्या येतात, मान आखडते. हँडल वर घ्यावं म्हणून माथ्यावरचा बोल्ट ॲलन कीनं सैल केला. तो बोटभर वर आला, पण हँडल तसूभर हललं नाही. जोर लावू का?

उत्तर : ताई, जोर लावू नका आणि बोल्ट आणखी सैलही करू नका. तो पूर्ण निघाला तर आतला गुटका सुटून नळीत पडेल. तुमचं काही चुकलं नाही, फक्त एक ठोका द्यायचा राहिलाय.

हँडलचा जो खुंट चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) नळीत उतरतो, त्याचं खालचं टोक तिरकं कापलेलं असतं. त्याला लागून तसाच तिरका गुटका असतो. बोल्ट आवळला की गुटका वर ओढला जातो, बाजूला सरकतो आणि पाचरीसारखा रुततो. तुम्ही बोल्ट सोडवला, पाचर अजून रुतलेलीच आहे. बोल्ट परत फिरवून त्याचं डोकं अर्धा सेंटिमीटर वर राहील इतकाच ठेवा. डोक्यावर लाकडाचा ठोकळा धरा आणि हातोडीचा एक नेमका ठोका द्या. बोल्ट खाली बसला की पाचर सुटली. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे हलवत वर घ्या. पावसाचं पाणी उतरून खुंट गंजला असेल, तर फटीत थोडं रॉकेल सोडून रात्रभर राहू द्या. खुंट एकदा बाहेर काढून पुसला आणि ग्रीस लावून बसवला, तर पुढच्या वेळी असा अडणार नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. खुंटावर आडव्या रेघा कोरलेल्या असतात. त्या नळीच्या बाहेर दिसता कामा नयेत. रेघा पुसल्या असतील तर निदान अडीच इंच खुंट आत हवा. एवढ्यानं भागत नसेल तर लांब खुंट किंवा उंच वळणाचं हँडल बसवून घ्या, पण रेघ ओलांडू नका. खड्ड्यात चाक आदळलं की सगळा भार त्या आतल्या तुकड्यावरच येतो.

दुसरी गोष्ट मी स्वतः चुकलो म्हणून सांगतो. मुलीच्या सायकलचं हँडल मी दोन इंच वर घेतलं, पण ब्रेकच्या वायरकडे पाहिलंच नाही. शंकरनगर चौकात वळताना वायर ताणली, पुढचा ब्रेक आपोआप लागला आणि पोरगी रस्त्यावर पडली. कोपर सोलवटलं. तेव्हापासून हँडल वर घेतलं की मी ते दोन्ही बाजूंना शेवटापर्यंत फिरवून चाक मोकळं फिरतं का, ते बघतोच. जुन्या काळ्या सायकलला वायरऐवजी सळया असतात. तिथे हँडलसोबत ब्रेकही वर ओढला जातो, म्हणून सळयांची पकड सोडवून पुन्हा जुळवावी लागते.

हल्लीच्या बऱ्याच सायकलींना असा खुंट नसतो, हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या मागच्या बाजूला दोन बोल्ट असतात, ते चिमट्याच्या नळीला बाहेरून आवळतात. तिथला वरच्या टोपणाचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगची ढिलाई काढतो. उंची बदलायची तर तिथे नळीवर ओवलेल्या कड्या (स्पेसर) वर-खाली कराव्या लागतात. तुमची तशी नाही.

हँडल चाकाशी सरळ जुळवून बोल्ट आवळा. पान्याला पाईप लावून नको, हाताच्या जोरानं पुरे. चाक गुडघ्यांत दाबून हँडल पिळून बघा. नुसत्या हातानं फिरलं तर अजून आवळा.

आणि ताई, सीटचं टोक पुढे झुकलंय का, तेही बघा. झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळं वजन तळव्यांवर येतं. आधी सीट सपाट करा, मग हँडल एक-दोन सेंटिमीटरच वर घ्या. आठवडाभर तलावापर्यंत चालवून बघा, ॲलन की पिशवीत असू द्या.